खंडेनवमीची डिस्क

हितेंद्र घाडीने लॅपटॉप उघडायचं ठरवलं. झाकण नव्हे; झाकण तो रोजच उघडायचा. त्याने लॅपटॉपचं पोट उघडायचं ठरवलं, आणि ही बातमी त्याने रात्री जेवताना, सोलकढीचा भुरका मारून, इतक्या सहज दिली की त्याच्या आईला वाटलं, हा गॅसची शेगडी साफ करायला घेणार आहे.

लॅपटॉप दहा-अकरा वर्षांचा होता. बटण दाबल्यापासून तो कामाला लागेपर्यंत किती वेळ जातो, हे भोईवाड्यातल्या त्या चाळीत सगळ्यांना पाठ होतं. बटण दाबून माणूस खुशाल नळावरून बादली भरून आणी, वाटेत दोन घरी विचारपूस करी, आणि परत येई तेव्हा पडद्यावर तो छोटा गोल आपला फिरतच असे. हितेंद्र मात्र लॅपटॉपला आळशी म्हणू देत नसे. "तो विचार करतो," असं तो सांगायचा. आपल्या वस्तूबद्दल माणसाला इतपत अभिमान असावाच.

पण गेल्या पंधरवड्यात या विचारी स्वभावाने घात केला. हितेंद्रची बायको इरावती पूर्वी बालवाडीत शिकवायची. मुलंच येईनाशी झाली म्हणून बालवाडी बंद पडली आणि इरावती घरी बसली. बसली म्हणजे काय, घरातली बाई बसते थोडीच! पण शिकवणं सुटलं ते सुटलंच, आणि भाजी निवडतानाही ती मेथीच्या जुड्या "एक, दोन, तीन" अशा मोठ्याने मोजायला लागली तेव्हा हितेंद्र तिच्यासाठी काम शोधायला लागला. मग कुठूनसं कळलं की परदेशातल्या मराठी मुलांना ऑनलाइन मराठी शिकवणारी एक संस्था शिक्षिका शोधते आहे. आधी एक नमुन्याचा वर्ग घ्यायचा, तो आवडला तर काम पक्कं. मोबाइल चालणार नाही, चित्रं दाखवता यायला हवीत, म्हणून लॅपटॉपच हवा, असा नियम होता. इरावतीने आठ दिवस खपून चित्रं केली. आणि ऐन वर्गात, ऑस्ट्रेलियातली मुलं समोर बसलेली असताना, लॅपटॉपने जाहीर केलं की मी आता स्वतःला सुधारून घेतो आहे, कृपया मला बंद करू नका.

मुलांना शेवटचं दिसलं ते इरावतीचं तोंड, "आ" म्हणताना उघडं राहिलेलं. त्यानंतर अंधार.

संस्थेच्या किर्ती मॅडम स्वभावाने चांगल्या. त्यांनी दुसरी तारीख दिली, दसऱ्याची, सकाळी अकराची. "पण ही शेवटची हं, ताई," असं त्यांनी हलकेच सांगितलं. इरावती हितेंद्रला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. कारण त्या दिवशी सकाळी "काही होत नाही, मी आहे ना," असं छातीला हात लावून सांगणारा तोच होता. फोर्टातल्या एका कचेरीत तो हिशेब खात्यात होता, पण ऐन तारुण्यात त्याने कम्प्युटरचा कोर्स केला होता, त्याचं प्रशस्तिपत्रक गणपतीच्या तसबिरीशेजारी टांगलेलं होतं, आणि चाळीत कोणाचाही मोबाइल अडला की तो त्याच्याकडेच यायचा. आता तीच माणसं जिन्यात गाठून विचारत, "काय झालं हो वहिनींच्या वर्गाचं?" हितेंद्र जिन्यातून भरभर उतरायला शिकला.

तर उपाय एकच होता. लॅपटॉपमधली जुनी हार्ड डिस्क काढायची आणि तिथे एसएसडी बसवायची. त्याने बरेच व्हिडिओ पाहिले आणि मग घरच्यांना समजावून सांगितलं की जुन्या डिस्कमध्ये एक तबकडी गरगर फिरते, ती आता म्हातारी झाली. नव्या डिस्कमध्ये काहीच फिरत नाही, म्हणून ती झपाट्याने काम करते.

हितेंद्रचे वडील विठोबा गिरणीत साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, काम केलेले. त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं.

"फिरणारा काय नाय?" ते म्हणाले. "मगे तेल खंय घालतंस?"

"तेल नाही घालायचं, बाबा."

"मगे ता चलता कशावर?"

हितेंद्रने तो व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. शेजारचे शामराव दारात उभे होते, त्यांनी चर्चा हाती घेतली. शामराव चाळीच्या कमिटीचे सेक्रेटरी. त्यांच्या मते लॅपटॉपला सर्दी झाली होती. तो दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवावा. मोबाइल भिजला की तांदळात ठेवतात ना, मग! वरच्या मजल्यावरून सल्ला आला की बॅटरी काढून उन्हात वाळवा. शामरावांच्या मुलाचा, सुशांतचा लॅपटॉप घ्यावा तर तो ऑफिसचा, त्याला कुलूप. त्यात दुसऱ्याने बोट घातलं तर सुशांतला ऑफिसातून फोन येतो म्हणे. हितेंद्रने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि डिस्क मागवली.

डिस्क आली ती खंडेनवमीच्या सकाळी. हितेंद्र तेव्हा ऑफिसला जायच्या घाईत अंघोळीला गेला होता, म्हणून कुरियरवाल्याने पार्सल जिन्याखालच्या कमिटीच्या खोलीत दिलं. हितेंद्र ते आणायला गेला तर शामराव टेबलामागे चष्मा लावून बसले होते.

"ओळखपत्र," शामराव म्हणाले.

हितेंद्रला वाटलं, थट्टा आहे. तो हसला. शामराव हसले नाहीत. मागे कोणाची तरी मिठाई कोणीतरी नेली होती, तेव्हापासून नियम झाला होता आणि नियम शामरावांनीच केला होता. हितेंद्रने आधार कार्ड काढून दिलं.

"यावर पत्ता गावचा आहे," शामराव म्हणाले. "मालवण तालुका. इथे राहतोस याला पुरावा?"

"शामराव, काल रात्री तुम्ही माझ्याकडे जेवलात! काळ्या वाटाण्याचं सांबारं खाल्लंत!"

"ते खाजगीत," शामराव म्हणाले. "इथे मी सेक्रेटरी आहे."

ऑफिसला उशीर होत होता. हितेंद्र काहीही न बोलता, म्हणजे चार पायऱ्या चढल्यावर बरंच काही बोलून, वर गेला, पिशवी उचलली आणि निघाला. दिवसभर तो आकडेमोड करताना शामरावांना द्यायची उत्तरं तयार करत होता. त्यातली तीन तर फारच चांगली होती. पण संध्याकाळी घरी आला तेव्हा त्यांची गरजच उरली नव्हती. त्याची आई मंजुळा दुपारी खाली गेली होती, "शामराव, आज खंडेनवमी, यंत्र पूजेक लावूचा आसा," असं म्हणाली होती, आणि पार्सल उचलून घेऊन आली होती. शामरावांनी उलट नमस्कार केला होता.

आता खंडेनवमी म्हणजे काय, हे गिरणगावातल्या घरात सांगावं लागत नाही. विठोबा कामावर होते तेव्हा या दिवशी साच्यांना हार पडायचे, सगळं खातं धुऊन-पुसून झेंडूने पिवळं व्हायचं. गिरणी बंद पडली, साचे भंगारात गेले, पण मंजुळेची पूजा काही बंद पडली नाही. घरातलं जे जे काम करतं ते ते दरवर्षी पाटावर जायचं. हितेंद्र घरात शिरला तेव्हा पाट मांडलेला होता. त्यावर विळी, कात्री, मिक्सरचं भांडं, विठोबांचा गिरणीतला पाना, हितेंद्रचा एकुलता एक स्क्रू-ड्रायव्हर, झाकण मिटलेला लॅपटॉप, आणि सगळ्यांच्या पुढे मानाच्या जागी, पत्त्यांच्या जोडापेक्षा पातळ अशी ती नवीन डिस्क. सगळ्यांना गंध-फूल. समोर समई.

"आई, खोकं का फोडलंस?"

"खोक्याची पूजा करतत काय?" मंजुळा म्हणाली. "देवाक दिसाक नको?"

"बरं, झाली ना पूजा. मी आता घेतो हं."

मंजुळेने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचा पुढे केलेला हात आपसूक केसांवरून फिरला. पूजेला लावलेलं हत्यार दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत उचलायचं नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. लहानपणी तो याच नियमाच्या आधाराने पुस्तकंही पाटावर ठेवायचा आणि दिवसभर गोट्या खेळायचा. त्याच नियमाने आता त्याला गाठलं. त्याने इरावतीकडे आशेने पाहिलं. ती समईची वात सारखी करत होती. "सकाळी लवकर उतरवू," एवढंच ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात इतका विश्वास होता की हितेंद्रला घाम फुटला.

पण पूजा उतरवायची म्हणजे विठोबांनी उतरवायची. घाडी म्हणजे गावी देवापुढे गाऱ्हाणं घालायचा ज्यांचा मान, त्या घरातले ते ज्येष्ठ. दसऱ्याच्या सकाळी आधी त्यांची अंघोळ, मग धोतर, मग दुसरं धोतर, कारण पहिल्याला डाग निघाला. हितेंद्र पाटासमोर मांडी घालून बसला होता, शर्यतीत शिट्टीची वाट बघतात तसा. शेवटी विठोबांनी अक्षता टाकल्या, पाट हलवला आणि हितेंद्रने आधी स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

लॅपटॉप उलटा झाला. स्क्रू निघाले, ते त्याने एका वाटीत ठेवले. शामराव सोनं द्यायला आपट्याची पानं घेऊन आले होते. त्यांनी प्रसाद समजून वाटीतले दोन तळहातावर घेतले आणि तोंडाकडे नेले. इरावतीने ते वरच्यावर परत घेतले. जुनी डिस्क बाहेर आली. नवी तिच्या जागी सरकवली. जरा जड गेली, पण नवीन वस्तू घट्टच असते असं हितेंद्रने स्वतःला समजावलं, स्क्रू लावले, नवं सगळं भरायचा पेन ड्राइव्ह खोचला आणि बटण दाबलं.

पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. तिचा अर्थ असा की या यंत्रात डिस्कच नाही.

हितेंद्रने बंद केलं, चालू केलं. डिस्क नाही. त्याने पेन ड्राइव्ह दुसऱ्या भोकात घातला. डिस्क नाही. त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि लगेच पाहिलंच नाही असं दाखवलं.

"पाव्हणी नवी आसा," विठोबा म्हणाले, "लाजता."

"तांदळात ठेवायला हवा होता," शामराव म्हणाले. त्यांनी बाकी काही म्हटलं नसतं तरी चाललं असतं. पण बिचारे मदतीसाठीच तिथे होते. मंजुळेने दिलेली निर्माल्याची पिशवी घेऊन ते खाली गेले आणि जरा मोकळी हवा आली.

"ठीक आहे," हितेंद्र धीर गोळा करून म्हणाला. "जुनी परत बसवतो. हळू तर हळू. आत्ता लावला तर अकरापर्यंत उघडेल. जुनी डिस्क कुठे आहे?"

त्याने पाट उचलून खाली पाहिलं.

"आई?"

"तिका फूल वाहिलंय," मंजुळा हळूच म्हणाली. "इतकी वर्सा राबली. अशी खंयव टाकूक बरी नाय दिसणा. निर्माल्यात घातलंय."

हितेंद्र गॅलरीत धावला. शामराव चाळीच्या फाटकातून केव्हाच बाहेर पडले होते. तो परत आला आणि पाटाशेजारी मटकन बसला. भिंतीवरचं प्रशस्तिपत्रक त्याला सरळ समोर दिसत होतं, ते त्याने बघून बघून पाठ करून टाकलं. त्याला स्वतःची लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती ती इरावती आता काय करेल याची. तिने मोबाइल उचलला.

"राहू दे रे," ती म्हणाली. "मी किर्ती मॅडमना कळवते. जमत नाही म्हणते. नाहीतर परत त्या मुलांसमोर…" आणि ती नंबर शोधू लागली.

"एक मिनिट," हितेंद्र म्हणाला. "फक्त एक मिनिट. एकदा काढून परत बसवतो. मग कळव."

त्याने स्क्रू काढले, डिस्क ओढून बाहेर घेतली, आणि किंचाळला. त्याचं बोट लाल झालं होतं.

"रगत!" मंजुळा ओरडली. विठोबांनी पाण्याचा तांब्या उचलला. रक्त पाहिलं की हितेंद्रला नेहमीच भोवळ येते, तो पांढराफटक पडून मागे भिंतीला टेकला आणि क्षीण आवाजात म्हणाला, "फार खोल आहे का?" इरावतीने त्याचं बोट धरलं, पुसलं, नाकाशी नेलं.

"हे कुंकू आहे," ती म्हणाली.

हितेंद्रने डोळे उघडले. डिस्क उजेडात धरली. तिच्या एका कडेला फट असते, तिथे सोनेरी रेघांची एक बारीक पट्टी असते, आणि याच पट्टीतून डिस्क लॅपटॉपशी बोलते. त्या पट्टीवर हळद होती, कुंकू होतं, आणि फटीच्या कोपऱ्यात अक्षतेचा एक अख्खा दाणा घट्ट बसला होता.

मंजुळा जवळ आली. तिने पाहिलं आणि तिला कळलं. "सगळा काळा-काळा," ती म्हणाली. "कपाळ खंय आसा ताच समजाना. तेवढाच सोन्याचा दिसला. म्हटलं, ह्याच तोंड. थंय लावलंय." मग तिने स्वतःच्याच हाताकडे पाहिलं. "माझ्याच हातान सुनेचा काम मोडलंय गो."

हितेंद्रच्या तोंडाशी बरंच काही आलं होतं. शामरावांसाठी तयार केलेली ती तीन चांगली उत्तरंही त्यात होती. पण इरावतीने सासूच्या खांद्यावर हात ठेवला.

"आई, बरोबर लावलंत तुम्ही," ती म्हणाली. "ते तोंडच आहे. आता पुसून देऊ या, म्हणजे बोलेल."

मग कामाची वाटणी आपोआप झाली. विठोबांना रोज इन्सुलिनचं इंजेक्शन लागायचं, त्यासाठी घरात स्पिरिट होतं. विझलेल्या उदबत्तीची काडी घेतली. मंजुळेने वातीच्या कापसाचा इतका बारीक बोळा त्या काडीला वळला की दुकानातही मिळाला नसता, आणि चष्मा नाकावर ओढून ती स्वतःच बसली. आधी तो दाणा निघाला. मग पिवळं गेलं, मग लाल. प्रत्येक वेळी ती फुंकर घाली आणि विचारी, "झाला?" हितेंद्र म्हणे, "अजून जरा." शेवटी पट्टी लख्ख झाली. वाऱ्यावर सुकवली, सरकवली. या वेळी ती गुपचूप आत गेली.

पडद्यावर डिस्क दिसली. चाळीत कोणाला मुलगा झाला तरी इतका आवाज होत नाही.

आत नवं सगळं भरायला लागलं, टक्के चढायला लागले, आणि चौघंही टक्क्यांकडे बघत बसली. एवढ्यात शामराव परत आले, हातात फुलांनी माखलेली जुनी डिस्क.

"हे निर्माल्य नाही," ते म्हणाले. "निर्माल्याच्या कलशावर स्पष्ट लिहिलंय, फक्त फुलं. मी टाकू दिलं नाही. नियम म्हणजे नियम." हितेंद्रने उठून त्यांना मिठी मारली. सेक्रेटरींना हे अपेक्षित नव्हतं.

अकराला अजून थोडा अवकाश होता तेव्हा सगळं पुरं झालं. इरावती साडी बदलायला स्वयंपाकघरात गेली, तिने मधलं दार लावून घेतलं. विठोबा म्हणाले, "शुभ कामाआधी गाऱ्हाणा घालूक होया."

"घाला, बाबा. भरपूर वेळ आहे," हितेंद्र म्हणाला. जित्याची खोड, त्याने लॅपटॉप चालू करून वर्गाची लिंक दाबली आणि तो उघडेपर्यंत जायच्या वेळासाठी पाठ फिरवून हात जोडून उभा राहिला. विठोबांनी नारळ हातात घेतला.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! आज दसऱ्याच्या दिवशी ह्या घरात जा काय नवा यंत्र इला आसा, ता तुझ्या पायाकडे ठेयलेला आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हितेंद्र, मंजुळा, शामराव.

"काय चुकला-माकला आसात, कुंकू खंय भलतीकडे लागला आसात, ता पोटात घाल, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि आमच्या सुनेन जा शिकवणीचा काम हातात घेतला आसा, ता तडीक ने, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी आवाज मोठा आला. फारच मोठा. हितेंद्रने मागे वळून पाहिलं. लॅपटॉप केव्हाच उघडला होता. पडद्यावरच्या चौकटींत ऑस्ट्रेलियातली सात-आठ मुलं हात जोडून बसली होती, आणि एका चौकटीत किर्ती मॅडम रुमालाने डोळे पुसत होत्या, हसून की कशाने, ते कळत नव्हतं.

"इरावती!" हितेंद्र ओरडला. "तो उघडला! लगेच उघडला!"

दार उघडलं. इरावती उभी होती, मुठीत निऱ्या. तिने पडदा पाहिला, निऱ्या खोचल्या, आणि चार पावलांत येऊन समोर बसली. आठ दिवस खपून केलेली चित्रं दुसऱ्या पेन ड्राइव्हवर होती. तिने ती उघडलीच नाहीत.

"आजोबा कोणाशी बोलत होते?" नील नावाच्या एका मुलाने विचारलं. त्याचं मराठी जरा लंगडत होतं.

"देवाशी. आमच्या घरात जे जे काम करतं, त्याला आज आम्ही थँक यू म्हणतो," इरावती म्हणाली आणि पाट पुढे ओढला. "ही काय आहे? विळी. म्हणा. हा पाना. ही कात्री. आता तुमच्या घरात सगळ्यात जास्त काम कोण करतं?"

"डिशवॉशर," नील म्हणाला.

"मग त्याला मराठीत काय सांगशील?"

नीलने डोकं खाजवलं. "डिशवॉशर, तू… तू दमला."

"दमलास," इरावती म्हणाली. "तू दमलास. शाब्बास!" मग एका मुलीने व्हायोलिन आणलं, एकाने क्रिकेटची बॅट, एकाने आईलाच ओढत आणलं. कोणीतरी विचारलं, कुंकू कुठे लावायचं? इरावतीने सासूकडे एकदा पाहिलं. "बाहेरून," ती म्हणाली. "यंत्राला नेहमी बाहेरून." मंजुळा पदर तोंडाला लावून हसली. वर्ग ठरल्यापेक्षा किती लांबला, याकडे कोणी लक्ष दिलं नाही. किर्ती मॅडमनीही नाही. मुलं गेल्यावर त्या तेवढ्या थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, शनिवारपासून सुरू करू या. आणि मंगळवारचाही एक वर्ग तुम्हालाच घ्यायचाय." इरावती "हो" म्हणाली. मग कॅमेरा बंद झाल्याची दोनदा खात्री करून ती रडली, आणि हितेंद्र तिच्या शेजारी जाऊन बसला.

शनिवारी सकाळी हितेंद्र चहाचा कप घेऊन गॅलरीत उभा होता. विठोबा आणि मंजुळा जिन्याच्या पायरीवर बसून शेंगा सोलत होते. घरात कोणी थांबायचं नाही, मागे माणसं हलली की मुलांचं लक्ष उडतं, असा हुकूम सुटला होता. दार लोटलेलं होतं. शामराव आले.

"हितेंद्र, सगळी चाळ बोलतेय रे," ते म्हणाले. "किती फास्ट झाला म्हणे! तूच बसवलीस ना? सांग तरी, आधी किती वेळ लागायचा, आता किती लागतो?"

या प्रश्नाची हितेंद्र किती दिवस वाट पाहत होता. सगळी आकडेवारी त्याला तोंडपाठ होती. त्याने कप कठड्यावर ठेवला, घसा खाकरला, आणि तेवढ्यात आतून इरावतीचा आवाज आला, खणखणीत, आणि तिच्या मागोमाग म्हणणाऱ्या मुलांचा.

त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, शामराव," तो म्हणाला. "आत बाई शिकवतायत."